अंगणांत आलेलीं मुलें

'इडियट' हा शब्द आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकलेला आहे, आणि तो शिवी म्हणूनच ऐकलेला आहे. परंतु ज्या ग्रीक शब्दापासून तो निघाला, त्याचा मूळ अर्थ वेडा किंवा मूर्ख असा नव्हता. नगराच्या सार्वजनिक कामांत ज्याचा भाग नाहीं, जो सभेंत येत नाहीं, जो आपल्या घरापुरताच राहतो, असा खासगी मनुष्य एवढाच त्याचा अर्थ होता. पुढें हा अर्थ घसरत गेला, आणि एकोणिसाव्या शतकांत वैद्यांनीं बुद्धीची वाढ मंदावलेल्या माणसांसाठीं तोच शब्द शास्त्रीय संज्ञा म्हणून रूढ केला. मला वाटतें, ह्या मुलांचा सारा इतिहास ह्या एका शब्दाच्या प्रवासांत सांठलेला आहे. बुद्धि कमी असणें हें त्यांचें एक दुःख खरें. परंतु सभेबाहेर, अंगणाबाहेर, आंतल्या खोलींत राहावें लागणें हें दुसरें दुःख त्याहून मोठें, आणि तें निसर्गानें दिलेलें नाहीं.

आपल्याकडे 'झांकली मूठ सव्वा लाखाची' अशी म्हण आहे. घरांत असें मूल जन्मास आलें म्हणजे ही म्हण त्या घराचा कायदा होऊन बसते. पाहुणे आले कीं मुलाला माजघरांत न्यावयाचें, लग्नाच्या बोलण्यांत त्याचें नांव काढावयाचें नाहीं, फोटो काढतांना त्याला कोणाच्या तरी मागें उभें करावयाचें. आईबापांच्या मनांत द्वेष नसतो. असते ती भीति आणि लाज. परंतु मुठींत पैसे असतील तर ती झांकलेली बरी. मुठींत मूल असेल तर तें गुदमरतें.

ही मूठ उघडण्याचा एक प्रयोग १९६२ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत एका घराच्या आवारांत झाला. दिसावयास तो मुलांच्या खेळण्याबागडण्याचा कार्यक्रम होता. परंतु त्यांतून पुढें ह्या मुलांविषयींचे कायदे, क्रीडास्पर्धा आणि लोकमत ह्यांना निराळें वळण लागण्यास मोठी मदत झाली. तो प्रयोग समजावा म्हणून आधीं त्याच्या मागें सुमारें दीडशें वर्षें जावें लागेल.

इ. स. १८०० च्या आरंभीं दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतांत रानावनांत एकटाच राहणारा, अदमासें बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हातीं लागला. त्यास बोलतां येत नव्हतें. पॅरिस येथील विख्यात वैद्य पिनेल ह्यांनीं तो सुधारण्याची आशा नाहीं असें मत दिलें. परंतु मुक्याबहिऱ्यांच्या संस्थेंतील झां इटार नांवाच्या तरुण वैद्यानें त्यास हातीं घेतलें, त्याचें नांव व्हिक्टर ठेविलें, आणि सुमारें पांच वर्षें त्याच्यावर परिश्रम केले. उष्ण काय, थंड काय, गोल काय, चौकोनी काय, येथून त्याचें शिक्षण सुरू झालें. व्हिक्टर अखेरपर्यंत बोलूं शकला नाहीं, आणि इटारनें आपला प्रयत्न फसला असेंच मानलें. पण कांहीं लिखित शब्द तो मुलगा ओळखूं लागला, आणि ज्या मादाम गेरँ ह्या बाईंनीं त्याचा घरीं सांभाळ केला, त्यांच्याविषयीं त्याच्या ठिकाणीं माया उत्पन्न झाली. रोगी असाध्य म्हणून सोडलेला, तरी विद्यार्थी म्हणून असाध्य नाहीं, हें प्रथमच दिसून आलें.

इटारचा शिष्य एदुआर सेगाँ ह्यानें ह्या धड्याची पद्धति बनविली. १८४० च्या सुमारास त्यानें पॅरिसमध्यें अशा मुलांची शाळा चालविली, आणि पुढें दहा-एक वर्षांनीं तो अमेरिकेंत गेला. त्याचें सूत्र साधें होतें. बुद्धीच्या दारावर थेट धक्के मारून उपयोग नाहीं; आधीं स्नायु, मग इंद्रियें, आणि मग विचार. म्हणून त्याच्या शाळेंत पाटी-पुस्तकाच्या आधीं शिडी होती, झोका होता, तोल सांभाळून चालण्याच्या फळ्या होत्या, आणि हातांनीं चांचपावयाच्या वस्तु होत्या. १८६६ सालीं आपल्या पद्धतीवर त्यानें मोठा ग्रंथ लिहिला. पुढें १९६२ च्या शिबिरांत जें घडलें, त्याचें बीज ह्या शिडींत आणि झोक्यांत आहे.

येथें आपल्या महाराष्ट्राचा ह्या कथेशीं असलेला एक संबंध सांगण्याजोगा आहे. इटार आणि सेगाँ ह्यांचे ग्रंथ रोम येथील एका तरुण डॉक्टर स्त्रीनें इतक्या निष्ठेनें अभ्यासिले कीं, ते तिनें स्वतःच्या हातानें उतरवून काढले. ती स्त्री म्हणजे मारिया माँटेसोरी. १९०० च्या सुमारास मंदबुद्धि मुलांच्या शाळेंत ही पद्धति वापरल्यावर त्यांतील कांहीं मुलें सामान्य मुलांच्या परीक्षांत उत्तीर्ण झालीं. लोकांनीं नवल केलें. परंतु माँटेसोरीबाईंना निराळाच प्रश्न पडला. हीं मुलें जर एवढी मजल गांठतात, तर आपण चांगल्या मुलांना शाळेंत असें काय करतों कीं तीं ह्यांच्याच बरोबरीला राहावींत? ह्या प्रश्नांतून १९०७ सालीं रोममधील गरीब वस्तींत त्यांचें 'बालकांचें घर' निघालें. तोच विचार ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका ह्यांनीं १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ काढून आपल्याकडे रुजविला. ताराबाईंनीं १९४५ पासून बोर्डीस काम करतांना, मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या अंगणांत नेऊं, असें ठरविलें, आणि त्यांतून 'अंगणवाडी' हा शब्द मराठीला मिळाला. म्हणजे मराठी बालवाडींत जो मुलगा आज लांकडी ठोकळे रचीत बसतो, त्याच्या हातांतील साधनांचा उगम ज्यांना जगानें निकामी ठरविलें होतें त्या मुलांच्या शाळेंत आहे. हें ऋण आहे, आणि तें फेडावयाचें राहिलेलें आहे.

एवढा चांगला आरंभ झाला असतां दार पुन्हां बंद कसें झालें? १८४८ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळानें सालीना अडीच हजार डॉलर मंजूर करून बॉस्टन येथें दहा मुलांची प्रायोगिक शाळा काढविली. तिचे चालक डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाऊ हे अंधशिक्षणांत कीर्ति मिळविलेले गृहस्थ होते. मुलांना कांहीं वर्षें शिकवून घरीं परत पाठवावयाचें, असा मूळ हेतु होता. परंतु कित्येक घरांना मुलें परत नको होतीं, आणि गांवांत त्यांना काम नव्हतें. शाळेला वसतिगृह जोडलें गेलें. वसतिगृहाचा आश्रम झाला. आणि पुढच्या पिढींत आश्रमाचा कोंडवाडा झाला. अशा माणसांना समाजापासून तोडून मोठमोठ्या संस्थांत एकत्र ठेवूं नका, असा इशारा स्वतः हाऊ ह्यांनीं १८६६ सालींच दिला होता. परंतु तोंपर्यंत गाडी उताराला लागली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या दुर्लक्षाला शास्त्राचा आधार मिळाल्याचा भास झाला. १९०५ सालीं फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने ह्यांनीं बुद्धिमापनाची पट्टी तयार केली, ती कोणत्या मुलांना अधिक मदत हवी हें ओळखण्यासाठीं. अमेरिकेंत हेन्री गॉडर्ड ह्यांनीं तीच पट्टी माणसांवर शिक्के मारण्यासाठीं वापरली, आणि १९१२ सालीं एका कुटुंबाची कथा प्रसिद्ध करून असें प्रतिपादिलें कीं मंदबुद्धि, दारिद्र्य आणि गुन्हेगारी हीं एकाच रक्तांतून वाहतात. हें संशोधन पुढें चुकीचें ठरलें. पण तोंपर्यंत नुकसान होऊन चुकलें होतें. १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें अशा व्यक्तींची सक्तीनें वंध्यत्वाची शस्त्रक्रिया करणारा कायदा वैध ठरविला. जर्मनींत १९३९ नंतर नाझी राजवटीनें त्याहून भयंकर पाऊल टाकलें. मनोरुग्ण आणि दिव्यांग अशा सत्तर हजारांहून अधिक माणसांना दोन वर्षांच्या आंत विषारी वायूनें मारण्यांत आलें. मनुष्याची किंमत त्याच्या उपयोगावर ठरवूं लागल्यावर उतार कोठें संपतो, हें ह्यावरून दिसतें.

आतां आपण त्या १९६२ च्या आवाराकडे येऊं. त्याची खरी सुरवात एका बहिणीपासून आहे. १९१८ सालीं बॉस्टनजवळ जोसेफ केनेडी ह्या धनिक गृहस्थास रोझमेरी ही मुलगी झाली. भावंडांच्या मानानें ती सर्वच बाबतींत मागें राहिली. ती सुंदर होती, हंसतमुख होती, परंतु लिहिणें-वाचणें तिला जड जाई. वडील इंग्लंडमध्यें राजदूत असतां तेथील एका माँटेसोरी पद्धतीच्या शाळेंत ती रमली, इतरांना मदत करूं लागली. सेगाँच्या शिडीचा हात येथेंही पोहोंचला होता. परंतु महायुद्धामुळें १९४० सालीं तिला अमेरिकेस परत यावें लागलें. त्या उन्हाळ्यांत तिला मुलींच्या एका शिबिरांत मदतनीस म्हणून पाठविलें, आणि थोड्याच आठवड्यांत त्या शिबिरानें तिला परत धाडलें. घरीं तिचे राग, तिचें रात्रीं निघून जाणें ह्यांनीं मंडळी धास्तावलीं. १९४१ च्या नोव्हेंबरांत वडिलांच्या संमतीनें तिच्या मेंदूवर, त्या काळीं नवी म्हणून गाजलेली, लोबोटोमी नांवाची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळीं ती तेवीस वर्षांची होती. शस्त्रक्रियेनंतर तिला नीट चालतां येईना, बोलतां येईना. पुढें तिला संस्थेंत ठेवण्यांत आलें, आणि १९४९ पासून २००५ सालीं मरेपर्यंत तिचें आयुष्य विस्कॉन्सिनमधील एका संस्थेच्या आवारांतच गेलें. भाऊ राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभा राहिला तेव्हांही ह्या बहिणीचें खरें वृत्त लोकांना ठाऊक नव्हतें. झांकली मूठ!

रोझमेरीहून तीन वर्षांनीं लहान असलेली बहीण युनिस लहानपणीं तिच्याबरोबर पोहली होती, तिला होडींत घेऊन गेली होती. रोझमेरीला काय येत नाहीं ह्याची यादी डॉक्टरांपाशीं होती. तिला काय येतें हें युनिसनें डोळ्यांनीं पाहिलें होतें. पुढें युनिस केनेडी श्रायव्हर ह्या नांवानें ती ओळखली गेली, आणि युद्धांत मेलेल्या थोरल्या भावाच्या स्मरणार्थ घरच्यांनीं १९४६ सालीं काढलेल्या प्रतिष्ठानाचें काम तिनें हातीं घेतलें. देशभर संस्थांना भेटी देतांना तिला एकच देखावा पुनःपुन्हां दिसला: मोठाल्या खोल्या, भिंतीशीं बसलेलीं मुलें, आणि खेळावयास कांहींही नाहीं. त्याच सुमारास, सांगतात कीं, एका आईनें तिला फोन करून आपलें गाऱ्हाणें सांगितलें. उन्हाळ्यांत इतर मुलें शिबिरांना जातात, पण आपल्या मुलाला कोणतेंही शिबिर घेत नाहीं. युनिसनें उत्तर दिलें तें असें कीं, मुलाला माझ्या घरीं घेऊन या. शिबिर मीच काढतें.

मेरीलँड राज्यांत, वॉशिंग्टन शहराजवळ, श्रायव्हर कुटुंबाचें टिंबरलॉन नांवाचें घर होतें. भोंवतीं मोठी हिरवळ, पोहण्याचा तलाव, घोडीं असा थाट होता. १९६२ च्या जूनमध्यें ह्या आवारांत पस्तीसच्या आसपास मुलें जमलीं. तीं जवळच्या विशेष शाळांतून व संस्थांतून आलेलीं होतीं. फी नव्हती. शिबिर दिवसाचें होतें. रात्रीं मूल आपल्या घरीं. मुलांना सांभाळण्यासाठीं जे आले ते डॉक्टर नव्हते, कीं परिचारिका नव्हत्या; ते होते आसपासच्या शाळा-कॉलेजांतील तरुण विद्यार्थी, आणि जवळजवळ एका मुलामागें एक अशी त्यांची संख्या होती. युनिसबाई स्वतः तलावांत उतरून मुलांना पोहावयास शिकवीत. तिचीं स्वतःचीं मुलेंही त्या गर्दींत होतीं. त्यांतील एकाचें वय तर तीन वर्षांचेंही नव्हतें.

श्रोतेहो, 'एका मुलामागें एक सोबती' हा जो नियम, त्यांत ह्या शिबिराचें सारें मर्म आहे. पन्नास मुलांना एक पहारेकरी असला म्हणजे त्याला करतां येण्यासारखी एकच गोष्ट असते. ती म्हणजे मुलांना बसवून ठेवणें. चेंडू फेंकणें, झेलणें, तलावांत पाय टाकणें, घोड्यावर बसणें, ह्यांतील प्रत्येक क्रिया ह्या मुलांसाठीं लहान लहान पायऱ्यांत फोडावी लागते, आणि प्रत्येक पायरीला कोणाचा तरी हात जवळ असावा लागतो. प्रथम पाण्याच्या काठीं बसणें. मग पाय बुडविणें. मग हात धरून उतरणें. मग तोंडावर पाणी घेणें. मग हात सोडणें. सामान्य मूल ह्या पायऱ्या एका दुपारीं चढून जातें. ह्या मुलांना कदाचित् तीन आठवडे लागतील. परंतु चढलेली पायरी ती चढलेलीच.

दुसरा परिणाम अनपेक्षित ठिकाणीं झाला, आणि माझ्या मतें तोच अधिक मोलाचा आहे. ते तरुण सोबती शिबिराला येतांना मनांत भीति घेऊन आले असल्यास नवल नाहीं. असलीं मुलें अंगावर धांवतात, त्यांचा संसर्ग वाईट, अशाच समजुतींत त्यांची पिढी वाढली होती. ज्या मुलाबरोबर आपण महिनाभर पाण्यांत उतरलों, त्याचें नांव आपणांस ठाऊक होतें. त्याला काय आवडतें, तो कशानें रुसतो, हें ठाऊक होतें. ज्याचें नांव ठाऊक झालें त्याला पुन्हां 'असलें मूल' म्हणतां येत नाहीं. सभा, व्याख्यानें आणि पत्रकें ह्यांनीं जें काम वर्षानुवर्षें होत नाहीं, तें एका उन्हाळ्यांत असें होऊन जातें.

हें काम केवळ भावनेवर चाललें होतें असेंही नाहीं. १९५८ सालीं इंग्लंडमधील जेम्स ऑलिव्हर ह्यांनीं असें दाखवून दिलें होतें कीं, अभ्यासांत मागें असलेल्या मुलांना दहा आठवडे पद्धतशीर व्यायाम दिला असतां शरीराबरोबर त्यांचा अभ्यासही सुधारतो. कॅनडांतील टोरोंटो विद्यापीठांतले फ्रँक हेडन ह्यांनीं थोड्याच वर्षांनीं त्यापुढील गोष्ट मांडली. हीं मुलें अशक्त आणि स्थूल दिसतात ती त्यांच्या मंदबुद्धीमुळें नव्हे, तर त्यांना कोणीं धांवूंच दिलेलें नाहीं म्हणून. आपण कारण समजत होतों तें कार्य होतें. मुलाला खाटेवर ठेवावयाचें, आणि मग त्याचे पाय बारीक आहेत म्हणून तें खाटेवरचेंच आहे असें म्हणावयाचें. ह्या तर्कावर कित्येक पिढ्यांनीं आपला न्याय चालविला होता.

त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें युनिस श्रायव्हर ह्यांनीं एका लोकप्रिय साप्ताहिकांत लेख लिहून, राष्ट्राध्यक्षांची बहीण मंदबुद्धि आहे, ही गोष्ट जाहीररीत्या सांगितली. शस्त्रक्रियेचा उल्लेख तींत नव्हता. मूठ अर्धीच उघडली होती. परंतु देशांतील हजारों घरांना तेवढेंही पुरेसें होतें. जें त्या घरांत आहे तें आपल्याही घरांत आहे, असें म्हणावयास माणसें धजूं लागलीं. राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांनीं १९६१ सालींच ह्या प्रश्नावर तज्ज्ञांची समिति नेमली होती. तिच्या शिफारशींतून १९६३ च्या ऑक्टोबरांत दोन कायदे झाले. त्यांतील दुसऱ्यावर त्यांनीं ३१ ऑक्टोबर रोजीं सही केली, आणि पुढें तीनच आठवड्यांनीं त्यांची हत्या झाली.

टिंबरलॉनचें शिबिर पुढेंही उन्हाळ्यांत भरत राहिलें, आणि प्रतिष्ठानाच्या मदतीनें इतर शहरांतही तशीं शिबिरें निघालीं. शिकागो शहराच्या उद्यानविभागांत शारीरिक शिक्षण देणाऱ्या ॲन मॅकग्लोन ह्या तरुण शिक्षिकेनें आपल्या मुलांसाठीं शहरपातळीवर धांवण्याच्या शर्यती भरविण्याची कल्पना प्रतिष्ठानापुढें मांडली. युनिसबाईंनीं तिला देशभराचें रूप दिलें. २० जुलै १९६८ रोजीं शिकागोच्या सोल्जर फील्ड ह्या प्रचंड क्रीडांगणावर २६ राज्यांतून आणि कॅनडांतून सुमारें एक हजार खेळाडू उतरले. प्रेक्षकांच्या रांगा मात्र जवळजवळ मोकळ्या होत्या. 'स्पेशल ऑलिम्पिक्स' ह्या जगभर पसरलेल्या चळवळीचा तो पहिला दिवस. २०२३ सालीं बर्लिनला तिच्या जागतिक स्पर्धा झाल्या, तेव्हां भारताचा संघही तेथें होता. त्या तरुण शिक्षिका पुढें कायदा शिकल्या, आणि इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशही झाल्या.

तथापि, अंगणांत खेळ चालू असतांना कोंडवाडे उभेच होते, ही गोष्ट झांकून चालणार नाहीं. न्यूयॉर्क येथील विलोब्रुक ह्या सरकारी संस्थेंत चार हजारांची सोय असतां सहा हजारांवर माणसें कोंबलेलीं होतीं. १९६५ सालीं रॉबर्ट केनेडी ह्यांनीं ती पाहून उघड संताप व्यक्त केला. तरी १९७२ सालीं दूरदर्शनवरून तेथील दृश्यें घरोघर दिसेपर्यंत फारसें कांहीं हललें नाहीं. ती संस्था अखेर बंद झाली ती १९८७ सालीं. पेनसिल्व्हेनिया राज्यांत पालकांच्या संघानें न्यायालयांत दाद मागितली, आणि १९७२ पर्यंत तेथें प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क मान्य झाला. १९७५ सालीं तो हक्क साऱ्या देशाच्या कायद्यांत आला. म्हणून शिबिरानें सर्व कांहीं केलें, असें मी म्हणत नाहीं. पालकांनीं संघटना उभारल्या नसत्या, वकिलांनीं दावे लढविले नसते, तर शिबिराचा आनंद उन्हाळ्याबरोबर संपला असता. एक महिना अंगणांत आणि अकरा महिने खोलींत, हा न्याय नव्हे.

शिबिरांवर आणि स्वतंत्र स्पर्धांवर दुसराही एक आक्षेप घेण्यांत येतो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. हीं मुलें आपापसांतच खेळलीं, तर भिंत पडली कोठें? ती केवळ रंगविली गेली. त्याचप्रमाणें, टाळ्यांमध्यें कौतुक किती आणि कींव किती, हेंही तपासावयास हवें. ह्या आक्षेपाला खरें उत्तर टिंबरलॉनच्या मूळ नियमांतच होतें. तेथें प्रत्येक मुलाच्या बरोबरीनें दुसरें कोणी तरी पाण्यांत होतें. स्पेशल ऑलिम्पिक्सनेंही १९८० नंतरच्या दशकांत एकाच संघांत दोन्ही प्रकारचे खेळाडू खेळविण्याची प्रथा सुरू केली. तीरावरून टाळ्या वाजविण्यापेक्षां पाण्यांत उतरणें हें अधिक अवघड, आणि अधिक खरें.

आपल्या देशांतही ह्या कार्याचा आरंभ घरांतूनच झाला. १९४४ सालीं मुंबईत वकील ह्या पारशी दांपत्यानें, आपल्या मुलीला घेणारी शाळा मिळेना म्हणून, स्वतःच्याच घरीं शाळा सुरू केली. तीच पुढें जय वकील शाळा म्हणून नांवारूपास आली. अमेरिकेंतील त्या आवाराच्या अठरा वर्षें आधीं मुंबईतील एका घराचें दार उघडलें होतें, ही गोष्ट आपण विसरूं नये. पुण्यांत १९६४ सालीं 'कामायनी' निघाली. सरकारनें १९८४ सालीं सिकंदराबादेस राष्ट्रीय संस्था स्थापिली. १९९५ सालीं दिव्यांगांच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा झाला, १९९९ सालीं पालकत्वाच्या प्रश्नासाठीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा आला, आणि २०१६ च्या नव्या कायद्यानें मान्य दिव्यांगतांची संख्या ७ वरून २१ वर नेली. मतिमंद हा शब्दही मागें पडून बौद्धिक अक्षमता, दिव्यांग असे शब्द आले. कायदा बदलला, शब्द बदलले. आतां प्रश्न उरतो तो अंगणाचा.

मे महिन्याच्या सुटींत आपल्या गांवोगांवीं संस्कारवर्ग भरतात, पोहण्याचे वर्ग निघतात, किल्ल्यांवर सहली जातात. गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या मांडवांत मुलांच्या स्पर्धा होतात. ह्यांतील किती ठिकाणीं ह्या मुलांना बोलावणें जातें? ह्याला टिंबरलॉनसारखें धनिकाचें आवार लागत नाहीं. शाळेचें पटांगण पुरे, देवळाचा ओटाही पुरे. लागतात त्या गोष्टी थोड्याच आहेत. एका मुलामागें एक सोबती, आणि तो रोज तोच. प्रत्येक खेळाच्या लहान पायऱ्या. एका दिवशीं एकच नवी गोष्ट. ज्यांना गोंगाट सोसत नाहीं अशा मुलांसाठीं शांत कोपरा. आणि आईबापांशीं आधीं मोकळें बोलणें. कारण अशा मुलांपैकीं कांहींना फेफरें येतें, आणि त्यांना पाण्यांत एक क्षणही एकटें सोडतां येत नाहीं. डाउन सिंड्रोम असलेल्या कांहीं मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, म्हणून कोलांटउडीपूर्वीं वैद्यांचा सल्ला घ्यावयास हवा. ही सावधगिरी म्हणजे मुलाला घरीं ठेवण्याचें निमित्त नव्हे. त्याला बाहेर आणण्याची ती तयारी आहे.

पालकांनाही एक गोष्ट नम्रपणें सांगावीशी वाटते. शेजाऱ्यांची नजर वाईट असते, हा तुमचा अनुभव खोटा नाहीं. परंतु न पाहिलेल्या वस्तूकडेच मनुष्य टक लावून पाहतो. रोज दिसणाऱ्या मुलाकडे तो हात हालवून पुढें जातो. आणि शेजाऱ्यांना सांगावयाचें तें असें कीं, पहिलें पाऊल आईबापांनींच टाकावें हा आग्रह धरूं नका. त्या घरच्या आईला दार उघडण्याचें धैर्य कोणी तरी बाहेरून दार वाजविल्यावरच येतें. ह्या सुटींत आपलीं मुलें मैदानावर निघालीं म्हणजे त्यांतील एकाला त्या घरीं पाठवा, आणि 'खेळावयास येतोस का?' एवढेंच विचारावयास सांगा.